नस दबली, लघवी तुंबली, एमआरआय दुसऱ्या दिवशी: भरपाई मागायची की सोडून द्यायचं?

बर्डीची_ताई
माझ्या धाकट्या भावाचं कंबरेचं दुखणं जुनंच. गेल्या वर्षी उन्हाळ्यात मात्र दोन्ही पाय जड पडले, म्हणून संध्याकाळी नागपुरातल्या एका खासगी दवाखान्यात भरती केलं. बसायची जागा बधीर झाली, लघवी थेंब थेंब होते, हे त्याने स्वतः सांगितलं. रात्री तीही बंद झाली. सिस्टरने चार्टवर लिहिलं, 'लघवी नाही, ड्युटी डॉक्टरांना कळवले.' मिळालं काय, तर पेनकिलरचं इंजेक्शन आणि 'सकाळी मोठे सर बघतील'. सर दुपारी आले. एमआरआय त्याच्या दुसऱ्या दिवशी, ऑपरेशन त्याच रात्री. मधे कॅथेटर टाकला तेव्हा पिशवी भरून वाहायची वेळ आली.

या आजाराला कॉडा इक्वायना सिंड्रोम म्हणतात. मणक्याची गादी सरकून खालच्या नसांचा झुबकाच दाबला जातो. भाऊ आज चालतो, पण लघवी स्वतः नळी घालून काढावी लागते आणि शौचावर ताबा नाही. गाडी चालवायची नोकरी गेली. घरचे म्हणतात, 'डॉक्टरशी वैर कशाला, पायावर उभा आहे ना?' मला हे पटत नाही. गादी सरकली त्यात कोणाचा दोष नाही. पण लक्षणं सांगितल्यावर जे तास वाया गेले, त्याची भरपाई दवाखान्यानेच द्यायला हवी.

हाडांचा_डॉक्टर
ताई, भावाचं ऐकून वाईट वाटलं. तरी दुसरी बाजू मांडतो. कंबरदुखीचे पेशंट आम्ही दिवसभर बघतो, त्यात हा आजार फार क्वचित निघतो. नुसत्या दुखण्याने किंवा औषधानेही लघवी अडकते. लक्षणं दिसल्यापासून ४८ तासांत ऑपरेशन व्हावं, असं सगळे सांगतात, पण त्याच्या आत ऑपरेशन होऊनही काहींचं मूत्राशय सुधारत नाही. मग नुकसान उशिरामुळेच झालं, हे कसं सिद्ध करणार? आणि प्रत्येक वाईट निकालावर नोटीस येऊ लागली, तर छोटे दवाखाने असा पेशंट दारातूनच पुढे पाठवतील. गडचिरोलीहून रात्री निघालेल्या माणसाचे हाल त्याने वाढतील.

बर्डीची_ताई
डॉक्टरसाहेब, पुढे पाठवलं असतं तर बरंच झालं असतं! सरकारी मेडिकल कॉलेजचा दवाखाना तिथून काही लांब नव्हता. भरती होताना लघवी थोडी तरी होत होती. पूर्ण बंद पडली ती त्यांच्या खाटेवर. नस वाचवायची वेळ तीच होती ना? बसायच्या जागेची जाणीव कापूस-टाचणीने तपासायची, पोटावर सोनोग्राफी लावून लघवी किती साठली ते बघायचं. एवढंही कोणी केलं नाही. आजार क्वचित येतो, म्हणून विचारायचंच नाही का?

महालचा_भाऊ
ताई, राग मानू नका, पण काहून या फंदात पडता? आमच्या काकांची केस ग्राहक मंचात गेली. तारखांवर तारखा, समोर विमा कंपनीचा वकील. काका निकाल न बघताच गेले. दवाखान्याशी बसून बोला, बिल परत घ्या, काही रक्कम ठरवा आणि मोकळे व्हा. भावाला पैसा आत्ता पाहिजे.

सिव्हिल_लाइन्स_वकील
बोलणी जरूर करा, पण मुदत सांभाळून. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तक्रारीला दोन वर्षं आहेत आणि बोलणी चालू असली तरी ती थांबत नाहीत. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा या कायद्यात येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली व्ही. पी. शांता प्रकरणात ठरवलं. दवाखान्याला दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात, म्हणजे पूर्वीच्या ग्राहक मंचात. भरपाई किती मागता यावर ते ठरत नाही. पोलिसांकडे धावू नका. २००५च्या जेकब मॅथ्यू निकालानुसार फौजदारी गुन्ह्याला घोर निष्काळजीपणा लागतो.

डॉक्टरांचा मुद्दा मात्र हलका नाही. खरी लढाई 'उशिरामुळेच' या शब्दावर होईल. प्रत्येक केसला तज्ज्ञाचं मत लागतंच असं नाही, हे २०१०च्या किशन राव निकालात आहे, पण इथे न्यूरोसर्जनचं लेखी मत घ्याच. आणि डिस्चार्ज कार्डावर भागवू नका. नर्सिंग चार्ट, औषधांचा तक्ता, एमआरआयची वेळ, सगळं लेखी मागा. मागितल्यापासून ७२ तासांत कागद द्यायचा नियम आहे.

रात्रपाळीची_सिस्टर
मी अशाच एका दवाखान्यात रात्री असते. तीन मजल्यांना एकच ड्युटी डॉक्टर, तोही बहुधा बीएएमएस. मोठ्या सरांना रात्री फोन करायला तो घाबरतो, मागे शिव्या खाल्लेल्या असतात. ताई, तक्रार कराच, पण त्या पोराला एकट्याला धरू नका. एवढ्या कमी माणसांत रात्र काढायची हे मॅनेजमेंटने ठरवलेलं असतं.

हाडांचा_डॉक्टर
सिस्टरचं म्हणणं मान्य. तरी उशीर म्हणजे निष्काळजीपणाच, असं सरसकट मी म्हणणार नाही. त्या रात्री ड्युटी डॉक्टरने सरांना फोन केला होता का, केला तर किती वाजता, हे आधी बघा. केला असेल तर प्रश्न सरांना विचारावा लागेल.

बर्डीची_ताई
चार्टवर फक्त 'कळवले' आहे, पुढचं काहीच नाही. दोन वर्षांना अजून अवधी आहे. सोमवारी सगळ्या कागदांसाठी अर्ज देते आणि पोच घेते. महालच्या भाऊ, बोलायलाही जाईन, पण कागद हातात आल्यावर.