नव्या वर्षाची तीन कामं: फळी, ओल आणि रंग. आधी काय करावं?

अर्धेमुर्धे

नमस्कार मंडळी. यंदाचा संकल्प व्यायामाचा नाही, घराचा आहे. रखडलेली तीन कामं मार्चअखेर हातावेगळी करायची, तीही घरच्या घरी. हात सहा: मी, बायको आणि दहा वर्षांची लेक. वेळ दर रविवारी एक तास.

१) पुस्तकांची फळी. लांबी १८० सेंमी, रुंदी २५ सेंमी, १८ मिमी प्लाय. दोन टोकांना दोन एल ब्रॅकेट, ६ मिमीचे प्लग आणि ३५ मिमीचे स्क्रू. मधे चांगलाच बाक आलाय, आणि डाव्या ब्रॅकेटचा वरचा स्क्रू प्लगसकट बाहेर येतोय. भोकात आता करंगळीचं टोक जातं.
२) त्याच खोलीत बाथरूमला लागून असलेल्या भिंतीला गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत पोपडे आलेत. खरवडलं की पांढरी पूड पडते.
३) सगळं झाल्यावर खोलीला रंग.

विचारायचं असं: फळीचं जुनं भोक बुजवून तिथेच स्क्रू बसेल का? पोपड्यांवर थेट वॉटरप्रूफ रंग मारला तर भागेल का? आणि कामं कुठल्या क्रमाने घ्यावीत?

---

ओळंबा

फळीचं मी सांगतो, ओलीचं जाणकार सांगतीलच.

तुमचा स्क्रू भिंतीत नव्हताच, गिलाव्यात होता. आतला गिलावा साधारण १२ ते २० मिमी असतो. ३५ मिमीच्या स्क्रूतून ब्रॅकेटच्या पत्र्याचे ३ मिमी आणि गिलाव्याचे १५ वजा करा. विटेत उरले जेमतेम १७. प्लग गिलाव्यातच फुगला, गिलावा भुसभुशीत, म्हणून भोक मोठं होत गेलं. काडेपेटीच्या काड्या कोंबून किंवा पुट्टी भरून तिथेच परत स्क्रू पिळलात तर महिनाभरात पुन्हा हेच.

हिशेब असा: पत्रा ३ + गिलावा १५ + प्लग ४० + स्क्रूचं टोक प्लगच्या बाहेर यायला ५ = ६३. म्हणजे ८ मिमीचा ४० मिमी लांब नायलॉन प्लग आणि ५ मिमी जाडीचा, ६५ मिमी लांब स्क्रू. भोक भिंतीच्या पृष्ठभागापासून ७० मिमी खोल. ड्रिलच्या बिटला तेवढ्या अंतरावर चिकटपट्टी गुंडाळा म्हणजे अंदाजपंचे होत नाही. भोक स्क्रूपेक्षा उथळ राहिलं तर स्क्रू तळाला टेकतो, आपल्याला वाटतं अजून आवळायचाय, आणि प्लगच्या आतले आटे फाटतात. पिळताना एकदम हलकं लागलं तर तो स्क्रू बाद समजा.

प्लगला कॉलर (तोंडाशी बाहेर आलेली कड) असेल तर ती ब्लेडने कापा आणि प्लग जुन्या स्क्रूच्या डोक्याने ठोकून गिलाव्याच्या पलीकडे, विटेत सरकवा. भोकातली पूड आधी काढा. पुडीवर बसलेला प्लग धरत नाही. तोंडाने फुंकू नका, डोळ्यांत जाते. सायकलचा पंप किंवा व्हॅक्यूम क्लीनर वापरा.

आता बाक. त्याचा संबंध प्लायच्या दर्जाशी कमी आणि ब्रॅकेटच्या जागेशी जास्त आहे. सारख्या पसरलेल्या वजनाने येणारा बाक दोन आधारांमधल्या अंतराच्या चौथ्या घाताने वाढतो. १८० सेंमीचं अंतर ६५ वर आणलंत तर नुसत्या त्या हिशेबानेच बाक पन्नास पटींहून जास्त कमी होतो. म्हणून तीन ब्रॅकेट घ्या, पण टोकांना लावू नका. डावीकडून २५ सेंमी सोडून पहिली, मग ६५ वर दुसरी, पुढे ६५ वर तिसरी, शेवटी २५ मोकळे. दोन टोकांना आणि बरोबर मधे लावलीत तर मधल्या ब्रॅकेटवर एकटीवर साठ टक्क्यांहून जास्त भार येतो. २५-६५-६५-२५ मध्ये तिन्हींवर जवळपास सारखा पडतो. शिवाय ब्रॅकेटची जागाच बदलल्यामुळे तुमचं करंगळीचं भोक कामातून गेलं. ते ओलं करून सिमेंट-वाळूच्या मालाने दोन वेळा भरा आणि विसरा.

ब्रॅकेटची लांब बाजू भिंतीला येऊ द्या. फळी रुंद म्हणून लांब बाजू फळीखाली घ्यायचा मोह होतो, आणि तिथेच चुकतं. पुस्तकांचं वजन मीटरला २५ किलो धरलं तर तुमच्या फळीवर ४५ किलो, म्हणजे ब्रॅकेटमागे १५. ते भिंतीपासून सरासरी १२.५ सेंमी पुढे लोंबतंय. वरचा स्क्रू ब्रॅकेटच्या खालच्या टोकापासून १३ सेंमीवर असेल तर त्याला साधारण साडेचौदा किलोची ओढ बसते. तोच २२ सेंमीवर असेल तर साडेआठ. पत्रा तोच, नुसता उलटा धरल्याने एवढा फरक.

बाक आलेली फळी फेकू नका, उलटी करून लावा.

आणि भोक पाडण्याआधी स्विचबोर्ड कुठे आहे ते बघा. त्याच्या बरोबर वर, खाली आणि आडव्या रेषेत दोन्ही बाजूंना १५ सेंमी भिंतीला हात लावू नका. वायरचे पाइप तिथूनच जातात.

---

कोरडी_भिंत

वॉटरप्रूफ रंग आतून मारू नका, कृपया. पाणी भिंतीच्या मागून येतंय. समोरून झाकण लावलं की ते रंगाच्या मागे साचतं आणि रंग फुगून पापडासारखा सुटतो, किंवा ओल बाजूला सरकते आणि आज गुडघ्याएवढी आहे ती उद्या कमरेएवढी होते.

पांढरी पूड म्हणजे लोणा. विटेतले आणि सिमेंटमधले क्षार पाण्यात विरघळून पृष्ठभागापर्यंत येतात, पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. म्हणून लोणा कोरड्या ब्रशने झाडायचा आणि पूड गोळा करून टाकायची. ओल्या फडक्याने पुसलात तर क्षार पुन्हा विरघळून आत जातात, आणि भिंत सुकली की बाहेर हजर.

पहिल्या रविवारी खरवडण्याआधी एवढंच करा: ओलीच्या कडेने पेन्सिलने रेघ ओढा, शेजारी तारीख लिहा. पुढे दर रविवारी नवी रेघ. ओल हलतेय की नाही, हलतेय तर कुठल्या बाजूला, हे ती रेघ सांगते.

मग पाणी कुठून येतंय ते शोधा. घरातले सगळे नळ बंद करून पाण्याच्या मीटरचा आकडा लिहा आणि तासाभराने पुन्हा बघा. फ्लशची टाकी भरून झालेली असू द्या, नाहीतर उगाच घाबराल. आकडा हलला तर दाबाखालची पाइपलाइन गळतेय. अशी ओल बाथरूम वापरा वा न वापरा, तेवढीच राहते. आकडा हलला नाही तर संशय फरशीच्या दरजांवर आणि नहाणी ट्रॅपच्या (फरशीतल्या जाळीखालून पाणी जातं त्या भांड्याच्या) सांध्यावर. बाथरूमचा उंबरा पाणी अडवण्याइतका उंच असेल तर ट्रॅपला बूच मारून फरशीवर दोन सेंमी पाणी भरा, पातळीची खूण करा आणि २४ तास ठेवा. दोन-चार मिमी हवेत उडेल, तेवढं सोडून द्या. पातळी त्याहून उतरली तर फरशी किंवा तिचा सांधा गळतोय. पातळी टिकली तर गळती ट्रॅपच्या खाली आहे, कारण बूच काढल्यावरच पाणी तिथे पोचतं. खाली कोणी राहत असेल तर आधी सांगा.

अजून एक. घर तळमजल्यावर असेल आणि ओल बाथरूमच्या भिंतीपुरती न राहता बाकीच्या भिंतींनाही एकाच उंचीवर पट्ट्यासारखी असेल, तर ती जमिनीतून चढतेय. तो आजार वेगळा, एका तासाच्या रविवारात बसणारा नाही.

गळती बंद झाल्यावर गिलावा ठोकून बघा. पोकळ आवाज येईल तेवढा काढायचा, आणि पोपड्यांच्या कडेपासून ३० सेंमी पुढपर्यंत रंग खरवडायचा. मग थांबायचं. दोन ते चार आठवडे काहीही लावायचं नाही. सुकली का ते कळायला ४५ सेंमीचा चौकोनी प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी घट्ट चिकटवा आणि दुसऱ्या दिवशी काढा. भिंतीकडच्या बाजूला थेंब असतील तर ती अजून ओली. खोलीकडच्या बाजूला असतील तर तो हवेतला दमटपणा, खिडक्या उघडा.

---

अर्धेमुर्धे

दोघांचेही आभार. मीटर हलला नाही. फरशीवरचं पाणी मात्र २४ तासांत १४ मिमी उतरलं, आणि कोपऱ्यातल्या दरजेत सिमेंट उरलेलंच नाही हे टॉर्च लावल्यावर दिसलं. म्हणजे चोर सापडला.

फळीसाठी तीन जागी एकेक भोक पाडलं. दोन ठिकाणी १५ मिमीपर्यंत करडी पूड, मग लाल. तिसऱ्या ठिकाणी थोडी लाल पूड आली आणि बिट एकदम सुळकन आत गेलं. प्लग घातला तर गोल फिरतोय. तिथे काय करावं?

---

ओळंबा

करडी गिलाव्याची, लाल विटेची, बरोबर. तिसऱ्या जागी विटेची कड घासून बिट दरजेत शिरलंय. दरजेत माल नीट भरलेला नसतो, तिथे प्लग धरणार नाही. मोठा प्लग ठोकू नका, वीट कडेला फुटेल.

जाड तार आत घालून फिरवा. वर-खाली मोकळी लागली तर उभी दरज: ब्रॅकेट तीन-चार सेंमी बाजूला घ्या, ६५ चे ६१ झाले तरी काही बिघडत नाही. डावी-उजवीकडे मोकळी लागली तर आडवी दरज, मग बाजूला सरकून उपयोग नाही. ब्रॅकेटच्या पत्र्यालाच अडीच सेंमी वर नवं भोक पाडा. ब्रॅकेट खाली-वर करू नका, फळी तिरकी होईल.

ज्यांची पूड पांढरट, हलकी निघते आणि बिट लोण्यात जावं तसं जातं, त्यांची भिंत हलक्या ब्लॉकची आहे. तिथे ड्रिलचं हॅमर बंद ठेवायचं आणि त्या ब्लॉकसाठी मिळणारे वेगळे प्लग वापरायचे. साधा प्लग तिथे पहिल्या दिवशी छान बसतो, हीच अडचण.

---

रविवारकर

वर सगळं आलंय, फक्त वेळेचं कोणी बोललं नाही. एका तासात काम होत नाही. सहा भोकं पाडायला वीस मिनिटं, पण पुस्तकं उतरवणं, सामान हलवणं, खुणा, झाडलोट धरली की दोन तास सहज. एक तास धरून बसलात की दर रविवारी काम अर्धवट सोडून उठाल आणि तिसऱ्या रविवारी सुरूच करणार नाही. त्यापेक्षा रविवारांची जोडी करा: एक मोजमापाचा, अर्ध्या तासाचा, त्यात सामानाची यादी पक्की, पुढचा कामाचा, अडीच तासांचा, शेवटची तीस मिनिटं आवरायला.

आणि क्रम वाळण्यावर ठरवा, आवडीवर नाही. दरज आत्ताच भरा आणि पोपडे खरवडा, कारण पुढे महिनाभर ती भिंत स्वतःच काम करणार आहे, तुम्ही नाही. त्या महिन्यात फळीची भोकं, प्लग, स्क्रू सगळं उरकून घ्या, मग ब्रॅकेट काढून ठेवा. रंगाआधी प्रत्येक प्लगमध्ये स्क्रू अर्धा पिळून ठेवा. नाहीतर पुट्टीखाली भोकं गायब होतात आणि शोधताना नवा रंग टोकरत बसावं लागतं.

लेकीला पाना आणून देण्यापुरतं ठेवू नका. स्पिरिट लेव्हलचा बुडबुडा वाचणं, खुणा करणं आणि ड्रिलखाली व्हॅक्यूमचं तोंड धरणं दहा वर्षांच्या मुलीला नीट जमतं. गॉगल मात्र तिघांनाही.

---

कोरडी_भिंत

रविवारकरांशी सहमत, एक दुरुस्ती: खोललेल्या भागावर नवा गिलावा चढवला तर महिना तेव्हापासून मोजा, खरवडल्यापासून नाही. ताज्या सिमेंटच्या गिलाव्याला २८ दिवस द्यावेत, त्यातले पहिले सात दिवस पाणी मारत. मार्चअखेर खोली तयार हवी असेल तर गिलावा जानेवारीतच व्हायला हवा.

पुट्टीचं थोडक्यात. पाण्यात पावडर घाला, पावडरीत पाणी नाही, नाहीतर गुठळ्या होतात. सिमेंटच्या पुट्टीला किलोमागे साधारण ३५० ते ४०० मिली पाणी लागतं. पिशवीवर वेगळा आकडा असेल तर तो पाळा. दोन-अडीच तासांत संपेल एवढीच कालवा. घट्ट झालेल्या पुट्टीत पाणी घालून ती पुन्हा चालवलीत तर वाळल्यावर हाताला पूड लागते. हात पातळ द्या, एका वेळी मिलिमीटर-दीड मिलिमीटर. खड्डा एकाच हातात भरला की तडकतो.

घासायला आधी १२० चा पॉलिश पेपर, मग २२०, तोंडाला मास्क. खोली अंधारी करून टॉर्च भिंतीला चिकटवून आडवा धरा. दिवसाउजेडी सपाट वाटणाऱ्या भिंतीवरचे सगळे उंचवटे सावल्यांसकट दिसतात. तेवढ्याच जागा पेन्सिलने गोल करा आणि घासा. प्रायमर लागल्यावर हेच दिसलं तर परत पुट्टीपासून सुरुवात.