शब्दचर्चा : उत्प्रेरक खपतो की झिजतो?

तासगावकर : दहावीच्या पोरांसाठी समुद्राच्या पाण्यावरच्या बॅटरीचं टिपण लिहितोय. उत्प्रेरक म्हणजे रासायनिक क्रियेचा वेग वाढवणारा पदार्थ. ‘उत्प्रेरक सुधारला की बॅटरी जास्त टिकते’ या वाक्याला एका पोरीनं अडवलं. “सर, उत्प्रेरक खपत नाही असं तुम्हीच शिकवलंत. मग सुधारायचा कशाला?” दुसरा शब्द सुचवा. विरजण चालेल?

मिरजेची मावशी : विरजण नको. ते जिवंत असतं, दुधात वाढतं, कालचं दहीच उद्याचं विरजण होतं. उत्प्रेरक कुठं वाढतो?

तासगावकर : मग आमचा बेदाणा? पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवलेली द्राक्षं लवकर वाळतात.

पलूसकर : तेही नाही. तिथं सालीवरचं मेण सैल होऊन आतल्या पाण्याला वाट मिळते, एवढंच. ‘उत्प्रेरक’च ठेवा, सर. उत् + प्र + ईर्. ईर् म्हणजे हलवणं, ढकलणं. स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियसनं १८३५ मध्ये ग्रीकवरून ‘कॅटॅलिसिस’ हे जे नाव दिलं, त्यात ‘सुटं करणं’ आहे. मला आपला ढकलणारा आवडतो. पण ‘न खपणारा’ हा अर्थ दोन्हींत नाही, तो व्याख्येतून आलाय.

गोची क्रियापदात आहे. जातं दळणात खपत नाही, झिजतं. मग छिन्नीनं टाकी लावून घ्यावी लागते. या बॅटरीत पाण्याकडच्या बाजूला विरघळलेला ऑक्सिजन इलेक्ट्रॉन घेतो. काम भलतंच संथ, म्हणून उत्प्रेरक. पण खाऱ्या पाण्यातलं क्लोराइड त्याच्या जागा अडवतं, धातू कुरतडतं. चार्ज करताना त्याच्याखालचा कार्बनही हळूहळू जळाल्यासारखा जातो. शिवाय ऑक्सिजन इलेक्ट्रॉन घेतो तिथलं पाणी आम्लारिधर्मी होतं आणि मॅग्नेशियम हायड्रॉक्साइडचा थर धरतो. बोअरच्या पाण्यानं हीटरच्या कॉइलवर पांढरं बसतं ना, दिसायला तसंच. प्लॅटिनम वापरावं तर किंमत परवडत नाही, म्हणून मँगनीज, कोबाल्टची ऑक्साइडं किंवा लोह-नायट्रोजन घातलेला कार्बन यांच्यावर खटपट चालते.

मावशी : मग ‘क्षार बसतो’ असंच लिहा की! कृष्णाकाठच्या क्षारपड रानातल्या पोराला ते वेगळं समजवायला नको.

तासगावकर : लिहिलं. ‘उत्प्रेरक खपत नाही, पण खाऱ्या पाण्यात झिजतो, वर क्षार बसतो.’ पोरगी आता विचारतेय, क्षार खरवडून काढला तर पुन्हा चालेल का?

पलूसकर : थर असेल तर सौम्य आम्लानं निघेल. पण ते आम्ल उत्प्रेरकालाही खाऊ शकतं, हेही सांगा तिला. कुरतडलेलं मात्र भरून येत नाही.