कॅमेऱ्याचा माइक पुरतो म्हणणाऱ्यांनी मे महिन्यात कूलरच्या खोलीत शूट करून दाखवावं

महालवासी:
काल "पन्नास एमएम" यांनी इथे लिहिलं की डीएसएलआर कॅमेऱ्याला बाहेरचा माइक लावणं म्हणजे पैसे पाण्यात, त्याच पैशात लेन्स घ्या, गोंगाट काय सॉफ्टवेअरमध्ये निघतो. खाली सगळ्यांनी माना डोलावल्या. मला राहवलं नाही म्हणून सविस्तर लिहितो.

२०१८ च्या मे महिन्यात मी आमच्या शेजारच्या आजींचं बोलणं शूट केलं. १४ ऑक्टोबर १९५६ ला त्या दीक्षाभूमीवर होत्या, तेव्हा वय अठरा. पांढरं लुगडं कोणाकडून मागून आणलं, किती कोस पायी आल्या, रात्री कुठे पडल्या, सगळं सांगितलं. कॅमेरा आठ फुटांवर ट्रायपॉडवर, त्याला ५० ची लेन्स. चेहऱ्यावरची एकेक सुरकुती दिसते, डोळ्यांतलं पाणी दिसतं. आणि ऐकू येतो तो कूलर. आजी हळू बोलायच्या. त्या थांबल्या की कॅमेऱ्याचं ऑटो लेव्हल, म्हणजे आवाज आपोआप कमी-जास्त करणारी सोय, वर चढायचं आणि ती घरघर उसळून यायची. बोलायला लागल्या की परत खाली. पूर्ण चाळीस मिनिटं हे असं आहे.

२०२० मध्ये आजी गेल्या. त्यांची नात दरवर्षी विजयादशमीच्या आधी ती फाइल मागते आणि मी काहीतरी सांगून टाळतो.

त्या दिवशी माइक आठ फुटांऐवजी त्यांच्या पदराला, तोंडापासून आठ इंचांवर असता तर? अंतर बारा पट कमी. दर दुपटीला सहा डेसिबल धरले तर २१ डेसिबलचा फरक पडला असता, तोही हजार-बाराशेच्या कॉलर माइकने. हे कोणती लेन्स देते ते सांगा.

पन्नास एमएम:
माझं अर्धं वाक्य उचलून मला झोडपलंत. मी नवशिक्यांसाठी लिहिलं होतं. कॅनन १५००डी, निकॉन डी३५००, बहुतेकांचा पहिला कॅमेरा असाच काहीतरी असतो. या दोन्हींना माइकचं सॉकेटच नाही. माइक लावणार कुठे? निकॉनच्या डी९० ने २००८ मध्ये डीएसएलआरवर व्हिडिओ आणला, तेव्हा त्यालाही सॉकेट नव्हतं. लोकांनी त्यावरही कामं केलीच.

आजींबद्दल वाईट वाटलं, मनापासून. पण चूक कूलर बंद न करण्याची होती. त्याचं खापर कॅमेऱ्याच्या माइकवर का?

लग्नशूट इतवारी:
भाऊ, सॉकेट नसन तर रडत काऊन बसता? कॉलर माइक मोबाइलले लावा, मोबाइल नवरदेवाच्या खिशात टाका, कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवा. एडिटिंगमध्ये टाळीवर टाळी बसवली की झालं. तीन वर्षं मी असंच करून राहिलो.

आता माझं दुखणं ऐका. पार्टी ड्रोनचे पैसे हसत देते. साउंडचे म्हटले की "कॅमेऱ्यात आवाज येतच असते ना भाऊ?" हेच ऐकाव लागते. एका लग्नात मंगलाष्टकं चांगली यावी म्हणून डीजेच्या मिक्सरमधून वायर काढून सरळ कॅमेऱ्याच्या माइक सॉकेटात घातली. पूर्ण लग्नाचा आवाज फाटला. मिक्सरचा आवाज लाइन लेव्हलचा, म्हणजे दमदार, कॅमेऱ्याचं सॉकेट माइक लेव्हलचं, म्हणजे बारीक आवाजासाठी. मधात आवाज खाली आणणारा पॅड लावाव लागते, हे मले त्या रात्री समजलं. मुलीच्या बापाने अर्धे पैसे कापले. बरोबरच केलं त्याने.

वर्धा रोड:
कूलर बंद करा म्हणणारे नागपूरचेच आहेत ना? २०१३ च्या मे मध्ये इथे ४७.९ अंश झालं होतं. माझ्या वडिलांची मुलाखत घ्यायला एक मुलगा आला होता, एप्रिलच्या शेवटी, भर दुपारी. आवाज येतो म्हणून कूलर बंद, रस्त्याचा आवाज येतो म्हणून खिडक्या बंद, वर दोन लाइट पेटवलेले. सव्वा तास झाला तेव्हा वडील बोलता बोलता एका बाजूला कलले. सलाइन लावावं लागलं. वय ८१ होतं. आवाज आधी की माणूस आधी?

पन्नास एमएम:
सव्वा तास कोण सांगतंय? दहा मिनिटं कूलर बंद, पाच मिनिटं चालू. खोली आधी तासभर गार करून ठेवायची. साधी गोष्ट आहे.

लग्नशूट इतवारी:
साधी गोष्ट म्हणे. म्हाताऱ्या माणसाले एकदा बोलायची लय लागली की त्याले दहा मिनिटांनी थांबवून दाखव बे. परत तसं बोलतच नाही तो.

पन्नास एमएम:
मला "बे" म्हणायचं काम नाही. आपली ओळख नाही.

लग्नशूट इतवारी:
चुकलं. बोलण्यात आलं. पण मुद्दा तोच आहे.

साउंड नंदनवन:
दहा-पाच, दहा-पाच करणाऱ्यांनी एडिटिंगला बसून बघावं. एका तुकड्यात कूलर, दुसऱ्यात नाही, असा कट बसतच नाही. ऐकणारा प्रत्येक जोडाला दचकतो. मी स्टेजचं आणि शूटिंगचं साउंड करतो. माझा नियम असा की कूलर चालू ठेवायचा तर शेवटपर्यंत चालू, एकाच स्पीडवर. आणि सुरुवातीला कोणीही न बोलता अर्धा मिनिट खोलीचा नुसता आवाज रेकॉर्ड करायचा. एकसारखी घरघर सॉफ्टवेअरला ओळखता येते. चढउतार होणारी येत नाही. म्हणून महालवासी, तुमचा खरा शत्रू कूलर नव्हता, ऑटो लेव्हल होतं. ते बंद करून, आजी जोरात बोलतात तेव्हा आवाजाचा काटा उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील असं हाताने लावायला हवं होतं.

आणि तुमचा २१ डेसिबलचा हिशेब उघड्या मैदानातला आहे. खोलीत भिंतींवरून परत येणारा आवाजही माइकला मिळतो, त्यामुळे मोजला तर फरक कमी भरेल. पण तो परत आलेला आवाजच शब्द पुसतो, म्हणून माइक जवळ हवा हे तुमचं म्हणणं उलट जास्त पक्कं होतं.

वर्धा रोड:
म्हणजे कूलर चालू ठेवून काम होतं? मग त्या मुलाने माझ्या वडिलांना का उकडवलं?

साउंड नंदनवन:
कारण त्याचा माइक कॅमेऱ्यावर असेल. छातीवर असता तर मध्यम स्पीडचा कूलर सहज चालला असता. शिवाय कूलर समोरच का हवा? शेजारच्या खोलीत सरकवा आणि दारातून हवा येऊ द्या. पत्र्याचा जुना कूलर असेल तर त्याची थरथर जमिनीतून ट्रायपॉडमध्ये येते. त्याच्या पायांखाली जाड गोणपाट घाला. पंपाचा आवाज फारसा नसतो, त्रास पंख्याचा आणि सैल जाळीचा. आणि हवेचा झोत थेट माइकवर येऊ देऊ नका, नाहीतर फडफड ऐकू येते.

धरमपेठ स्वयंपाकघर:
कूलरवरच दिवस काढणार का सगळे? माझं भांडण महालवासी दादांशी आहे. "बाहेरचा माइक" असं एकच काही नसतं. मी सावजी रस्सा, पाटवडी, वांग्याचं भरीत असे व्हिडिओ करते. सगळ्यांनी सांगितलं म्हणून कॅमेऱ्यावर बसणारा लांबट शॉटगन माइक घेतला, चांगला महागाचा. माझं स्वयंपाकघर आठ बाय दहाचं, चारी बाजूंना टाइल्स. आवाज विहिरीत बोलल्यासारखा येतो. वर बाहेरच्या माइकने कढईतली फोडणी माझ्यापेक्षा मोठी केली! दोन महिने मला वाटत होतं माझाच आवाज वाईट आहे. मी बोलणंच कमी केलं होतं.

मग कॉलर माइक आणला. पहिल्याच दिवशी पुरणपोळीचा अख्खा व्हिडिओ मुका निघाला. त्या माइकच्या डबीवर एक स्विच असतो, मोबाइलला एक बाजू, कॅमेऱ्याला दुसरी. कॅमेऱ्याच्या बाजूला त्यातला बटणासारखा सेल लागतो, एलआर४४. माझा स्विच चुकीच्या बाजूला होता. आणि माझ्या कॅमेऱ्याला हेडफोनचं सॉकेट नाही, त्यामुळे शूट करताना कळायचा मार्गच नाही. दोन किलो पुरण वाटलं होतं मी.

साउंड नंदनवन:
ताई, शॉटगन छोट्या टाइल्सच्या खोलीत असंच वागतो, तुमचा आवाज वाईट नाही. तो बाजूचा आवाज कापतो, पण तुमचाच आवाज समोरच्या टाइल्सवरून आपटून येतो त्याला तो काही करू शकत नाही. तो शॉटगन फुटाळा तलावाच्या काठावर न्या, वाऱ्यासाठी वर केसाळ टोपी घाला, मग बघा. आणि हेडफोन सॉकेट नसेल तर दहा सेकंद रेकॉर्ड करून कॅमेऱ्यावरच लावून ऐकायचं, प्रत्येक वेळी, मगच पुढे.

पन्नास एमएम:
हेच तर म्हणतोय मी! माइक घेतला की प्रश्न सुटला असं सांगून लोकांना फसवतात. ताईंचे महागडे पैसे गेले की नाही?

महालवासी:
ताई, तुमचं पटलं. "बाहेरचा माइक" लिहिण्याऐवजी मी "जवळचा माइक" लिहायला हवं होतं. पन्नास एमएम, तुमचं नाही पटलं. ताईंनी चुकीचा माइक घेतला म्हणून कॅमेऱ्याचा माइक चांगला ठरत नाही. कॅमेऱ्याच्या माइकला तुमच्या लेन्सची फोकसची मोटरसुद्धा ऐकू येते. आणि तुम्ही तेव्हापासून सॉफ्टवेअर, सॉफ्टवेअर करताय. मी फाइल देतो. काढून दाखवा कूलर.

पन्नास एमएम:
द्या. मी पळणारा नाही.

(चार दिवसांनी)

पन्नास एमएम:
फाइल मिळाली. तीन रात्री बसलो. जे झालं ते सांगतो.

कूलरची घरघर बरीच खाली आणता आली. पण जिथे ऑटो लेव्हल चढतं-उतरतं तिथे सॉफ्टवेअरला कूलर दर वेळी नवीन वाटतो. जास्त काढायला गेलो की आजींचे स आणि श जातात, आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो. कमी काढला तर शब्द बुडतात. चाळीस मिनिटांतली साधारण सहा मिनिटं सलग कळतील अशी निघाली. त्यात लुगड्याचा भाग आहे, आणि गर्दीत चप्पल हरवली तो भाग. बाकी कानाला हेडफोन लावून अंदाजाने उतरवून घेता येईल, त्याची मी अर्धी वही भरली आहे, पाठवतो.

कॅमेऱ्याचा माइक पुरतो हे वाक्य मी मागे घेतो. लेन्सचं घेत नाही. ५० ची लेन्स नसती तर आजी चप्पल शोधताना हात कसा फिरवतात ते दिसलं नसतं, आणि तिथे मला शब्द हातावरून कळले.

महालवासी:
सहा मिनिटं माझ्या अपेक्षेपेक्षा जास्त आहेत. वही नक्की पाठवा. नातीला मी स्वतः नेऊन देतो. लेन्सचं मान्य.

लग्नशूट इतवारी:
पन्नास भाऊ, तीन रात्री बसले तुम्ही. मानलं. माझ्याकडे टाळी जुळवायचं काही काम असन तर सांगा, फुकट करून देतो.

वर्धा रोड:
माझे वडील आता ८४ चे आहेत. एम्प्रेस मिलमध्ये होते, १८७७ ला जमशेटजी टाटांनी सुरू केलेली तीच. भोंग्यावर घराचं घड्याळ कसं चालायचं ते अजून छान सांगतात. त्या दिवसानंतर कॅमेरा म्हटला की मीच नाही म्हणतो. महालवासी, तुम्ही शूट करणार असाल तर या. पण डिसेंबरमध्ये. तेव्हा आमचा कूलर माळ्यावर असतो.

महालवासी:
येतो. कॉलर माइक, दोन जास्तीचे सेल आणि टाळीसाठी इतवारीवाल्यांना घेऊन येतो. दर अर्ध्या तासाला थांबू, माझा कॅमेरा २९ मिनिटं ५९ सेकंदांनी आपोआप बंद होतो, तेवढ्यात बाबांचा चहा होईल.