सासवड ते मार्केट यार्ड: इलेक्ट्रिक छोटा हत्ती भरल्या मालावर किती चालेल? मागे ट्रॉली जोडता येते का?

पुरंदर_बागायत
सासवडहून गुलटेकडी मार्केट यार्डात रोज पहाटे सीताफळ, टोमॅटो आणि इतर भाजी जाते. जाऊन-येऊन साधारण ६५ किलोमीटर, मध्ये दिवे घाट. येताना कधी गाडी मोकळी, कधी खताच्या नाहीतर पेंडीच्या गोण्या. डिझेलचा छोटा हत्ती काढून टाटा एस ईव्ही घ्यायचा विचार आहे: २१.३ युनिटची (किलोवॅट-तासांची) बॅटरी, ६०० किलो माल, कागदावर १५४ किलोमीटर. घाट धरून खरी रेंज किती मिळेल? सीझनला माल वाढला तर मागे छोटी ट्रॉली जोडता येईल का? अमेरिकेतल्या इलेक्ट्रिक पिकअपला ट्रेलर लावला की रेंज निम्मी होते म्हणतात, ते इथेही लागू पडतं का? चार्जिंग मळ्यातल्या घरी करायचं आहे.

युनिटचा_हिशेब
घाटाची धास्ती सोडा दादा. गाडी मालासकट १८४० किलोच्या आसपास धरा. एवढं वजन १०० मीटर वर चढवायला चाकाशी अर्धा युनिट लागतो, मोटर आणि इन्व्हर्टर (बॅटरीची वीज मोटरला चालेल अशी बदलून देणारा भाग) यांच्यातली गळती मिळवली तर बॅटरीतून ०.६. दिवे घाटाची चढाई २०० मीटर धरली तर भरल्या गाडीला १.२ युनिट, मोकळ्या गाडीला ०.८. गोण्या घेऊन चढलात तरी चढाईपुरता फरक ०.४ युनिटचा, म्हणजे जेमतेम अडीच-तीन किलोमीटरचा. शिवाय तुमचा रोजचा माल घाट उतरतो, चढत नाही. उतरताना रीजनमधून, म्हणजे मोटरच वीज बनवून बॅटरीत भरते त्यातून, थोडं परतही मिळतं.

बॅटरी खरी संपते ती सपाटीवर, वेगापायी. ताशी ४० वर हवेचा जेवढा अडथळा असतो त्याच्या सव्वादोन पट ६० वर होतो, आणि उंच रचलेली कॅरेटं वरून हवा अडवतात ती वेगळी. पहाटे हडपसरपर्यंत रस्ता मोकळा असतो, तेव्हाच ड्रायव्हरचा पाय दाबला जातो. भरल्या गाडीला किलोमीटरमागे ०.१५ ते ०.१७ युनिट धरा. ६५ किलोमीटरला दहा-अकरा, त्यात घाटाचा एखादा, म्हणजे बारा युनिटांच्या आत एक फेरी. त्याच चार्जवर दुसऱ्या फेरीच्या भानगडीत पडू नका. १५४ हा ठरावीक चाचणीतला आकडा आहे. १५ टक्के शिल्लक ठेवून १०० ते ११० वर बेत आखा.

एक बारकावा ड्रायव्हरला समजावून सांगाच. १०० टक्के भरलेली बॅटरी रीजनची वीज घेत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो. सासवडपासून घाटमाथ्यापर्यंत आठ-दहा किलोमीटरमध्ये चार्ज सहा-सात टक्के उतरतो, त्यामुळे तुम्हाला अडचण नाही. पण कुणी दिवे गावात गाडी चार्ज करून लगेच घाट उतरणार असेल तर त्याने ९० टक्क्यांवर थांबवावं. घाटात गाडी न्यूट्रलला टाकायची नाही, रीजन बंद पडतं.

कॅरेट_आणि_काटा
मला रेंजपेक्षा ६०० किलोचीच काळजी वाटते. टोमॅटोचं कॅरेट रिकाम्या वजनासकट २४ किलो धरलं तर २५ कॅरेटांत गाडी भरली. डिझेलच्या गाडीत लोक सर्रास ४० टाकतात, म्हणजे ९६० किलो. तीच सवय इथे चालवली तर मागचे पाटे बसतात, टायरच्या कडा झिजतात, ब्रेक लवकर तापतात, आणि अपघात झाला तर विम्याचा दावा अडकतो. मोटर ओढेल, तिच्यात दम आहे: सहा टक्के चढाला ताशी ४० ने भरली गाडी न्यायला १४-१५ किलोवॅट पुरतात, मोटर २७ ची आहे. म्हणूनच ओव्हरलोड ड्रायव्हरला जाणवत नाही आणि गाडी आतून खराब होते. तुमचा नेहमीचा माल ३० कॅरेटांच्या वर असेल तर २०२४ मध्ये आलेलं एक टनाचं मॉडेल, एस ईव्ही १०००, बघा. टायरमधली हवा दर आठवड्याला, टायर गार असताना तपासा.

हिच_आणि_हवा
ट्रॉलीला माझं स्पष्ट नाही. मॅन्युअलमध्ये ओढण्याची क्षमता दिलेली नसेल तर ती शून्य समजायची. ट्रेलरची नोंदणीही वेगळी लागते. त्याहून मोठा धोका दिवे घाटाच्या उतारावर: ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक नसले की वळणावर ती पिकअपची मागची बाजू ढकलते आणि गाडी फिरते.

अमेरिकेतली गोष्ट खरी आहे, पण तिचं कारण समजून घ्या. फोर्ड एफ-१५० लाइटनिंगची मोठी बॅटरी १३१ युनिटची, रेंज साधारण ५१५ किलोमीटर, ओढण्याची कमाल क्षमता ४,५३६ किलो. वजन ती सहज ओढते. पण मागे उंच, चौकोनी कॅम्पर लावून ताशी १०० च्या वर चालवली की रेंज निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येते, कारण हवा अडवणारा पृष्ठभाग एकदम वाढतो. तेवढ्याच वजनाची बुटकी ट्रेलर सपाट रस्त्यावर एवढी खात नाही. डिझेल इंजिन निम्म्याहून जास्त इंधन उष्णतेतच घालवतं, त्यामुळे जादा ओझं तिथे तेवढं डोळ्यांत भरत नाही. इलेक्ट्रिकमध्ये वाया जाणारं थोडं, म्हणून नवा भार थेट रेंजमध्ये दिसतो. तुमचा वेग ४०-५०, त्यामुळे तो निम्म्याचा आकडा तुम्हाला तसाच्या तसा लागू नाही. एक्स्प्रेसवेने वाशीला जायचं मनात असेल तर मात्र सोडून द्या: परतीचा बोर घाट पाचशे मीटरच्या वर चढवतो, म्हणजे भरल्या गाडीला तीन युनिट नुसत्या चढाईला.

फेज_न्यूट्रल
चार्जिंगला शेतीपंपाचं कनेक्शन वापरू नका. तो मंजूर कारणाबाहेरचा वापर ठरतो, वीज कायद्याच्या कलम १२६ खाली बिल येतं, आणि तिथली वीज रात्रभर सलग मिळेलच असंही नाही. घराच्या मीटरपासून स्वतंत्र लाइन ओढा: ४ स्क्वेअर मिमी तांब्याची वायर, १६ अँपिअर क्षमतेचा औद्योगिक सॉकेट, त्याला एमसीबी (जादा करंट गेला की बंद पडणारा स्विच) आणि ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी (वीज जमिनीत गळली की लाइन तोडणारा स्विच). न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातला व्होल्टेज तीनच्या आत हवा. तो वाढला की बरेच चार्जर फॉल्ट दाखवून थांबतात, आणि लोक चार्जरला दोष देतात. अशा वेळी अर्थिंगचा खड्डा नीट करून घ्यायचा. एक्स्टेंशन बोर्ड अजिबात नको, सात-आठ तास १३ अँपिअर गेले की पिन वितळते.

फेरीला बारा युनिट गेले तर चार्जरची गळती धरून मीटरवर तेरा-साडेतेरा पडतील. ही लोखंड-फॉस्फेट बॅटरी आहे, तिचा व्होल्टेज बराच काळ जवळपास सारखाच राहतो, म्हणून टक्केवारीचा अंदाज हळूहळू चुकत जातो. आठवड्यातून एकदा पूर्ण १०० पर्यंत नेऊन चार्जर आपोआप बंद होईपर्यंत ठेवा.

पुरंदर_बागायत
मग एक टनाचंच बघतो, ट्रॉली रद्द. गाडी वाटेत बंदच पडली तर ट्रॅक्टरला दोरी बांधून ओढली तर चालेल का?

फेज_न्यूट्रल
नको. मोटर जोडलेली चाकं जमिनीवर फिरली की मोटरही फिरते आणि आतल्या भागांना इजा होऊ शकते. चारही चाकं वर घेणारी सपाट पाटाची क्रेनच (फ्लॅटबेड) बोलवा. त्याआधी १२ व्होल्टची छोटी बॅटरी तपासा. ती उतरली की मुख्य बॅटरी भरलेली असूनही कॉन्टॅक्टर (मुख्य बॅटरी गाडीला जोडणारा स्विच) जोडला जात नाही आणि गाडी पूर्ण मेल्यासारखी दिसते. टर्मिनलवर मल्टिमीटर लावा, ११.५ च्या खाली दाखवत असेल तर दोष बहुतेक तिथेच आहे.