टेस्टिंग आधीपासून करायचं ठरलंय, पण टीमच्या अंगवळणी पडत नाही. नेमकं काय बदलावं?

सह्यकडा

जीएसटी बिलिंग आणि मालवाहतुकीचं सॉफ्टवेअर करणारी पुण्यातली टीम आहे. १४ डेव्हलपर, ४ टेस्टर, दोन आठवड्यांचा स्प्रिंट (कामाचा ठरलेला टप्पा). बिल्ड (चालवून बघता येणारं सॉफ्टवेअर) टेस्टरच्या हातात पडतो आठव्या दिवशी. उरलेल्या दोन दिवसांत नव्या स्टोऱ्या (एकेक छोटं काम) आणि रिग्रेशन (जुनं काही मोडलं नाही ना, याची तपासणी) दोन्ही उरकायचं. "टेस्टिंग सुरुवातीपासून" असं वरून ठरलं, म्हणून टेस्टरना स्प्रिंट प्लॅनिंगला बसवलं आणि युनिट टेस्टचं (कोडच्या छोट्या भागाच्या, आपोआप चालणाऱ्या टेस्टचं) कव्हरेज, म्हणजे टेस्टमध्ये चालून गेलेल्या ओळींचं प्रमाण, ८० टक्के हवं असा नियम केला. तीन महिन्यांत कव्हरेज वाढलं, ग्राहकाकडून येणारे बग मात्र होते तेवढेच आहेत. सुरुवात कुठून करावी, आणि आधी काय बंद करावं?

नीलमोहर

प्लॅनिंगला बसवून फारसं हाती लागत नाही, कारण तिथे चर्चा पॉइंटांची, म्हणजे काम किती मोठं याच्या अंदाजाची चालते. स्टोरीत काय अपेक्षित आहे ते त्याआधीच कुणीतरी एकट्याने ठरवलेलं असतं. टेस्टरचा प्रश्न त्याच्याही आधी यायला हवा.

सॉफ्टवेअर क्षेत्रातले मॅट विन यांनी मांडलेली उदाहरणांची पद्धत (एक्झाम्पल मॅपिंग) वापरा. प्रॉडक्टवाला, डेव्हलपर आणि टेस्टर असे तिघं २५ मिनिटं बसतात. पिवळ्या कार्डावर स्टोरी, निळ्यावर नियम, हिरव्यावर उदाहरण, लाल कार्डावर उत्तर न मिळालेला प्रश्न. वेळ संपला आणि टेबलावर लालच लाल दिसत असेल, तर ती स्टोरी या स्प्रिंटमध्ये घ्यायची नाही.

तुमच्याच विषयातलं उदाहरण घेतो. स्टोरी अशी: "आंतरराज्य पाठवणीची किंमत ५०,००० रुपयांपेक्षा जास्त असेल तर ई-वे बिल (मालवाहतुकीसाठी जीएसटीत लागणारं ऑनलाइन बिल) मागावं." किंमत म्हणजे करासह की कराशिवाय? नियमानुसार करासह. म्हणजे १८ टक्के दराचा ४२,३७२ रुपयांचा माल असेल तर बेरीज ४९,९९८.९६, ई-वे बिल नको. ४२,३७३ चा असेल तर ५०,०००.१४, ई-वे बिल हवं. डेव्हलपरने करपात्र किंमत धरली, तर या दराच्या ४२,३७३ ते ५०,००० रुपयांच्या मालाचा प्रत्येक ट्रक ई-वे बिलाशिवाय बाहेर पडणार. आणि युनिट टेस्ट सगळ्या हिरव्या (पास) दिसणार, कारण त्यासुद्धा त्याच चुकीच्या समजुतीवर लिहिलेल्या! तुमचं कव्हरेज वाढूनही बग का हटले नाहीत, याचं बरंचसं उत्तर इथे आहे.

पुढची निळी कार्डं: त्याच बिलात करमाफ माल असेल तर त्याची किंमत वगळायची. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात मर्यादा १ लाख. मूळ मालकाने परराज्यात जॉबवर्कला (दुसऱ्याकडून प्रक्रिया करून घ्यायला) माल पाठवला तर किंमत कितीही असो, ई-वे बिल लागतंच. मग टेस्टर विचारतो, "५०,०००.१४ चं बिल राउंड ऑफ होऊन ५०,००० झालं, तर तुलना कुठल्या आकड्याशी करायची?" हे लाल कार्ड. उत्तर कर सल्लागाराकडून आणायचं, डेव्हलपरने अंदाजाने ठरवायचं नाही.

भरतीओहोटी

८० टक्क्यांचा नियम आधी काढून टाका. कव्हरेज सांगतं ओळ चालली की नाही. ती बरोबर चालली का, हे सांगत नाही. एकही असर्ट (निकाल तपासणारी ओळ) नसलेल्या टेस्टनेही आकडा वाढतो, आणि नियम केला की अशाच टेस्ट लिहिल्या जातात. त्याऐवजी दोन सवयी लावा. बग दुरुस्त करताना आधी तो बग पकडणारी, लाल (फेल) होणारी टेस्ट लिहायची, मगच कोडला हात लावायचा. आणि रिव्ह्यूमध्ये टेस्ट पहिल्यांदा वाचायची, कोड नंतर.

जावा असेल तर करगणनेच्या मॉड्यूलवर रात्री पिटेस्ट हे टूल चालवा. ते कोडमधलं "पेक्षा जास्त" बदलून "तेवढं किंवा जास्त" करतं आणि एखादी टेस्ट लाल होते का पाहतं. बरोबर ५०,००० ची टेस्ट कुणी लिहिलीच नसेल तर तिथेच उघडं पडतं. सगळ्या कोडवर चालवू नका, फार वेळ खातं.

पाइपलाइन (टेस्ट आपोआप चालवणारी साखळी): मर्जच्या, म्हणजे कोड मुख्य ब्रँचमध्ये (सगळ्यांच्या सामायिक कोडमध्ये) मिसळण्याच्या आधीच्या टेस्ट दहा मिनिटांत संपल्या पाहिजेत, नाहीतर लोक निकालाची वाट न पाहता पुढच्या कामाला लागतात. मुख्य ब्रँच मोडली तर पंधरा मिनिटांत बदल मागे घ्यायचा, दुरुस्ती सावकाश करायची.

फ्लेकी (कोड न बदलता कधी पास, कधी फेल होणाऱ्या) टेस्टकडे कानाडोळा करू नका. ३०० टेस्ट आहेत आणि प्रत्येक टेस्ट हजार वेळा चालवल्यावर एकदाच उगाच फेल होते असं धरा. तरी साधारण दर चार बिल्डमागे एक विनाकारण लाल होतो. मग "पुन्हा चालव" हीच सवय लागते, आणि खरा बगही त्याच बटणाखाली निघून जातो. अशी टेस्ट त्याच दिवशी बाजूला काढा, तिच्यावर कुणाचं तरी नाव लावा. दोन आठवड्यांत दुरुस्त झाली नाही तर डिलीट.

अर्धवट काम फीचर फ्लॅगमागे (कोडमधल्या चालू-बंद स्विचमागे) ठेवून रोज मर्ज करा, म्हणजे टेस्टरला दुसऱ्या दिवसापासून काहीतरी हाती लागतं. मात्र जुन्या फ्लॅगचं नाव पुन्हा वापरू नका. ऑगस्ट २०१२ मध्ये नाइट कॅपिटल या अमेरिकी शेअर ट्रेडिंग कंपनीने तेच केलं होतं. आठपैकी एका सर्व्हरवर नवा कोड पोचला नव्हता, तिथे त्या फ्लॅगने जुना कोड जागा झाला आणि ४५ मिनिटांत ४४ कोटी डॉलरहून अधिक नुकसान झालं.

अंगणवेल

वरचं सगळं केलंत आणि अप्रेझल तसंच ठेवलंत, तर दोन स्प्रिंटमध्ये मंडळी मूळपदावर येतील. टेस्टरचं मोल किती बग नोंदवले यावर ठरत असेल, तर पंचवीस मिनिटांच्या बैठकीत प्रश्न विचारून बग होऊच न देणारा टेस्टर कागदावर आळशी दिसतो. डेव्हलपरचे बगमागे गुण कापत असाल, तर प्रत्येक बगवर "हा बग नाही, चेंज रिक्वेस्ट आहे" हा वाद ठरलेला. दोन्ही मोजमापं बंद करा आणि बंद केल्याचं सगळ्यांसमोर सांगा. मोजायचंच तर ग्राहकापर्यंत गेलेले बग आणि कोड पूर्ण झाल्यापासून तपासून होईपर्यंतचे दिवस मोजा, तेही टीमचे, व्यक्तीचे नाही.

टेस्टिंगचे वेगळे पॉइंट देऊ नका. वेगळे दिले की घाईत तेच कापले जातात. स्टोरीचा एकच आकडा, टेस्टसकट.

आठव्या दिवशी ढीग साचतो कारण चौदा जण चौदा स्टोऱ्या उघडतात. एका वेळी सातच उघड्या ठेवा, एकेका स्टोरीवर दोघं. मर्जच्या आधी टेस्टरने डेव्हलपरच्या मशीनवरच दहा मिनिटं बसून बघायचं. तिथे सापडलेलं तिथेच दुरुस्त, जिरात (बग नोंदवायच्या टूलमध्ये) नोंद नको.

आणि रिलीज तोंडावर आल्यावर मॅनेजरने एकदा जरी "टेस्ट नंतर लिहू" म्हटलं, तरी टीम तेवढंच लक्षात ठेवते. वेळ कमी असेल तर स्टोरी कमी करा.

सह्यकडा

अप्रेझलचा मुद्दा थेट लागू पडतो, आमच्याकडे दोन्ही मोजमापं आहेत. दोन शंका: चार टेस्टर इतक्या बैठकांना पुरतील? आणि करगणनेच्या जुन्या कोडला टेस्टच नाहीत, त्याचं काय?

नीलमोहर

प्रत्येक स्टोरीला बैठक लागत नाही. पैसा, कर, स्टॉक यांना हात लागणार असेल तरच घ्या. स्क्रीनवरचा मजकूर बदलायला तिघांना बसवू नका.

जुन्या कोडसाठी दोनशे खरी बिलं घ्या, नावं आणि जीएसटी नंबर झाका, आजचं उत्तर जसंच्या तसं नोंदवून ठेवा आणि प्रत्येक बदलानंतर पैशापर्यंत ताडून बघा. आजचं उत्तरच चुकीचं सापडलं तर त्याच बदलात दुरुस्त करू नका, वेगळी स्टोरी करा, नाहीतर फरक कशामुळे पडला ते कळणार नाही. बिलं निवडताना मर्यादेच्या आसपासची, करमाफ आणि करपात्र माल एकत्र असलेली, आणि क्रेडिट नोट मुद्दाम घ्या. आधी फक्त ई-वे बिलाचं मॉड्यूल घ्या, दोन स्प्रिंट.