प्राण्यांच्या खाद्यातील ‘वनौषधी स्वाद’ कितपत सुरक्षित आहेत?

प्रश्न

माझ्याकडे एक घोडी, एक कुत्रा आणि एक मांजर आहे. घोडी औषधाची पूड मिसळलेला खुराक हुंगून तसाच ठेवत असे. मेथी आणि लसूण घातलेले खाद्य सुरू केल्यापासून मात्र ती घमेले चाटूनपुसून स्वच्छ करते. तिघांच्याही खाद्याच्या पिशव्यांवर ‘नैसर्गिक वनौषधी स्वाद’ असे लिहिलेले आहे, पण कोणती वनस्पती आणि किती प्रमाणात, याचा उल्लेख फक्त घोडीच्या पिशवीवर आहे. माणसांच्या स्वयंपाकात चालणारे पदार्थ प्राण्यांना वर्षानुवर्षे रोज देणे सुरक्षित मानावे का? शिवाय, घोडीसाठीचे हेच मिश्रण कुत्र्याच्या आणि मांजराच्या खाण्यात चिमूटभर घातले तर चालेल का?

प्रतिसाद १

घोडीच्या आवडीचे आश्चर्य वाटायला नको. २००५ साली घोड्यांच्या स्वादांच्या पसंतीचा जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात मेथीचा क्रमांक पहिला आणि केळ्याचा दुसरा होता. परंतु आवडणे आणि मानवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

माणसांना चालते म्हणून प्राण्यांना चालेल, हे गृहीतक मुळातच कच्चे आहे, कारण आपण आज एक भाजी आणि उद्या दुसरी खातो, तर कुत्रा एकाच पिशवीतले तेच खाद्य दहा-दहा वर्षे खातो आणि त्यातला प्रत्येक घटक त्याच्या छोट्या शरीरात रोज नव्याने जातो. युरोपीय संघात २००३ च्या १८३१ क्रमांकाच्या नियमानुसार स्वादद्रव्येही खाद्य-पूरकांतच मोडतात. ती बाजारात येण्यापूर्वी तेथील अन्नसुरक्षा प्राधिकरण त्यांची तपासणी करते आणि प्रत्येक प्राण्यासाठी संपूर्ण खाद्याच्या दर किलोमागे किती मिलिग्रॅमपर्यंत ती सुरक्षित आहेत, हे सांगते. या तपासणीत मांसासाठी वाढवले जाणारे अल्पायुषी प्राणी एका बाजूला आणि घोडे, कुत्री, मांजरे व पैदाशीसाठी ठेवलेली दीर्घायुषी जनावरे दुसऱ्या बाजूला, असा भेद केला जातो.

या भेदाचे कारण बडीशेप, तुळशीच्या काही जाती आणि चक्रीफूल यांच्या तेलांत आढळणाऱ्या एस्ट्रॅगोलसारख्या द्रव्यांत आहे. यकृतात एस्ट्रॅगोलचे रूपांतर होऊन जे रेणू तयार होतात, ते डीएनएला चिकटतात, आणि उंदरांवरील प्रयोगांत त्यामुळे यकृताच्या गाठी झाल्याचे दिसले आहे. अशा गाठी व्हायला बराच काळ लागतो, म्हणून सहा आठवड्यांत कत्तलीला जाणाऱ्या कोंबडीच्या बाबतीत हा प्रश्न जवळजवळ उद्भवतच नाही. पंचवीस वर्षे जगणाऱ्या घोड्याच्या बाबतीत मात्र तो उद्भवतो. बडीशेपेचे चार दाणे आणि बडीशेपेचे ऊर्ध्वपातित तेल यांतही महदंतर आहे, म्हणून पिशवीवर नुसते वनस्पतीचे नाव असणे पुरेसे नाही.

प्रतिसाद २

मी पशुवैद्यक आहे. आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट ‘नाही’ असे आहे.

मांजराच्या यकृतात फिनॉलवर्गीय द्रव्यांना ग्लुक्युरॉनिक आम्ल जोडून ती बाहेर टाकणारी एक महत्त्वाची यंत्रणा निकामी असते. ॲस्पिरिनचे रक्तातील प्रमाण निम्म्यावर यायला कुत्र्यात सुमारे आठ तास लागतात, तर मांजरात दीड दिवसाच्या आसपास, यावरून हा फरक लक्षात यावा. ओव्यातील थायमॉल किंवा लवंगेतील युजेनॉल, जी फिनॉलवर्गीयच द्रव्ये आहेत, मांजराच्या शरीरात रेंगाळतात ती याच कारणाने.

लसणाचे गणित याहून वेगळे आहे. कांदा-लसणातील गंधकयुक्त संयुगे तांबड्या पेशींतील हिमोग्लोबिनचे ऑक्सिडीकरण करतात. पेशींत हाइन्झ बॉडी नावाचे ठिपके दिसू लागतात आणि पेशी फुटून रक्तक्षय होतो. मांजर याला सर्वांत लवकर बळी पडते, त्याखालोखाल कुत्रा. घोडाही यातून सुटत नाही. २००५ मध्येच प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या प्रयोगात, शरीराच्या दर किलो वजनामागे दिवसाला ०.२ ग्रॅमहून अधिक शीतशुष्क (गोठवून वाळवलेला) लसूण खाणाऱ्या घोड्यांना असा रक्तक्षय झाला, आणि तो लसूण घोड्यांनी आपणहून खाल्ला होता. पाचशे किलोच्या घोड्यासाठी हे प्रमाण शंभर ग्रॅमच्या पुढे जाते, म्हणजे खाद्यातील स्वादापुरत्या लसणाच्या कितीतरी पट. तरीही एकाच वेळी खाद्यात लसूण, त्यावर लसणाची पूड आणि चाटणातही लसूण, असा प्रकार मी पाहिला आहे. घोड्याला उलटी करता येत नाही, त्यामुळे चुकून जास्त पोटात गेले तर ते बाहेर पडायचा मार्ग नसतो.

स्वाद ज्यात विरघळवतात त्या द्रवाकडेही लक्ष द्यावे. प्रॉपिलीन ग्लायकॉल कुत्र्याच्या खाद्यात चालते, पण मांजराच्या तांबड्या पेशींना ते अपाय करते, म्हणून अमेरिकेत १९९६ मध्ये मांजराच्या खाद्यात त्याचा वापर बंद करण्यात आला. (गोड वासाची मांजराची बिस्किटे मात्र मला अजून कळलेली नाहीत, कारण मांजराला गोड चवच लागत नाही. तो वास मालकासाठीच असावा.)

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

सविस्तर उत्तरांबद्दल दोघांचेही आभार. मिश्रण इतर दोघांना देणार नाही. घोडी पुढील हंगामात स्पर्धेत उतरणार आहे. त्या दृष्टीने आणखी काही पाहावे लागेल का?

प्रतिसाद ३

अवश्य पाहावे लागेल. आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाच्या निषिद्ध द्रव्यांच्या यादीत मिरचीतील कॅप्सेसिन आहे. २००८ च्या ऑलिंपिकमधील अश्वस्पर्धा हाँगकाँगला झाल्या, तेव्हा काही घोड्यांच्या नमुन्यांत ते सापडले होते. त्या वेळी चर्चा अंगाला लावायच्या लेपांची होती हे खरे, परंतु द्रव्य शरीरात कोणत्या वाटेने गेले, यामुळे चाचणीच्या निकालात फरक पडत नाही. ‘शांत करणारी वनौषधी’ म्हणून विकली जाणारी व्हॅलेरियनची मुळी आणि सांधेदुखीसाठी दिली जाणारी डेव्हिल्स क्लॉ ही वनस्पती यांबाबतही तीच सावधगिरी बाळगावी.

उत्पादकाला लेखी विचारावे: वनस्पती कोणती, तिचा कोणता भाग, पूड की तेल, आणि दर किलो खाद्यात किती मिलिग्रॅम. उत्तरात ‘संपूर्णतः नैसर्गिक’ एवढेच आले, तर मी ते खाद्य स्पर्धेच्या बरेच आधी बंद करीन. आणि पूड मिसळताना आपणही नाकाला फडके बांधावे. सुगंधी तेलांनी त्वचेला व श्वसनमार्गाला ॲलर्जी होऊ शकते, आणि दिवसातून दोनदा हे खाद्य घमेल्यात ओतणारे आपणच असतो.