सीवीड (समुद्री शेवाळाचा अर्क) देऊनही मोगऱ्याला कळी नाही, पानं पिवळी पडतायत, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मी कोल्हापुरात राजारामपुरीत राहते. गच्चीवर २२ कुंड्या आहेत, गुलाब, जास्वंद, कढीपत्ता, मिरची, टोमॅटो आणि दोन मोठ्या कुंड्यांत मोगरा. मोगरा सासूबाईंनी लावलेला, दर उन्हाळ्यात सकाळी ओंजळभर फुलं निघायची, पहिली अंबाबाईच्या फोटोला आणि उरलेल्याचा गजरा. यंदा अर्धा मे गेला तरी एक फूल नाही. सासूबाईंना आता जिना चढवत नाही, पण खालूनच रोज विचारतात, कळी दिसली का गं, आणि मला नाही म्हणायचं अगदी जिवावर येतं.

झालं असं की फेब्रुवारीत एका खताच्या दुकानातून सीवीडचं लिक्विड आणलं, काळपट चॉकलेटी रंगाचं. दुकानदार म्हणाले ऊसवाले, भाजीवाले सगळे हेच नेतात, ह्यात सगळं आहे, दुसरं काही घालायला नको. म्हणून मी गांडूळखत आणि निंबोळी पेंड दोन्ही बंद केलं आणि लिटरला २ मिली प्रमाणात दर आठ दिवसांनी फवारा आणि तेच पाणी मुळांनाही. पहिला महिनाभर पानं अशी तुकतुकीत झाली की मी शेजारणींनापण आणायला सांगितलं. एप्रिलपासून मात्र मोगऱ्याची खालची पानं आधी फिकट आणि मग शिरांसकट पिवळी, नुसता हात लागला तरी गळतात. शेंड्याची पानं हिरवी आहेत पण बारीक.

दुसरी गोष्ट अजून वाईट झालीय. एप्रिलच्या शेवटी मालवणला गेलो होतो, तिथे किनाऱ्यावर तपकिरी शेवाळ वाहून आलेलं, मण्यांसारखे फुगे असलेलं, दाबलं की टचकन फुटतात ते. विकतचं एवढं महाग मिळतं तर हे का सोडायचं म्हणून पोतं भरून आणलं, गगनबावड्याच्या घाटात गाडीभर वास. घरी आल्या आल्या दोन गुलाब आणि कढीपत्त्याच्या कुंडीत तसंच ओलं पसरलं. पंधरा दिवसांत गुलाबाच्या पानांच्या कडा करपल्या, कुरकुरीत झाल्यात, आणि मातीच्या कुंडीला बाहेरून पांढरा थर आलाय. बोट लावून जिभेवर ठेवलं तर खारट.

सीवीडचं प्रमाण वाढवू का बंद करू? आणि गुलाब वाचेल का? प्लीज कुणीतरी सांगा.

प्रतिसाद १
ताई, प्रमाण वाढवू नका. आमची तासगावला द्राक्षबाग आहे, आम्ही सीवीड मारतो पण खताचं शेड्यूल चालू ठेवून वरून मारतो. खताच्या जागी कधीच नाही.

प्रतिसाद २
ताई, मी पण कोल्हापूरचाच, गच्चीवरच बाग आहे म्हणून सविस्तर लिहितो. सीवीडच्या अर्कात पोटॅश बऱ्यापैकी असतं, सूक्ष्म द्रव्यं असतात, आणि मुख्य म्हणजे सायटोकायनिन, ऑक्झिनसारखी वाढीची संप्रेरकं असतात, त्यानं मुळ्या फुटतात, झाड ऊन सोसतं. पण नत्र (नायट्रोजन) आणि स्फुरद (फॉस्फरस) नावालाच. सरकारनंही २०२१ मध्ये खत नियंत्रण आदेशात दुरुस्ती करून ह्या अर्कांना जैव उत्तेजक असा वेगळा वर्ग दिलाय. म्हणजे हे टॉनिक आहे, जेवण नाही. तुम्ही जेवण बंद करून तीन महिने टॉनिकवर ठेवलंत, कुंडीतलं होतं नव्हतं ते नत्र झाडानं वापरून टाकलं आणि आता खालच्या जुन्या पानांतलं काढून शेंड्याला देतंय, म्हणून पिवळेपणा खालून चढतोय.

मोगऱ्याला फूल नव्या फुटीवर येतं, फूटच नाही तर कळी कुठून येणार. फांद्यांचे शेंडे चार-पाच इंच छाटा, वरची माती हलकी उकरून दोन मुठी गांडूळखत घाला. शेंगदाणा पेंड घाण्यावर मिळते, तिच्यात नत्र ७ टक्क्यांच्या आसपास असतं, मूठभर तीन-चार दिवस भिजवून दहापट पाण्यात गाळून आठवड्यानं एकदा द्या. कुंडीला पाच-सहा तास कडक ऊन हवंच. सीवीड २ मिलीच ठेवा पण पंधरा दिवसांनी एकदा, सकाळी लवकर नाहीतर ऊन उतरल्यावर, आणि आभाळ भरून आलं असेल तर नकोच, वळीव झाला की फवारा धुऊन जातो.

गुलाबाचं आधी बघा, ते आजच करा. शेवाळ सगळं काढा. कुंडीचं खालचं भोक मोकळं आहे ना बघून वरून सावकाश गोडं पाणी सोडा, कुंडी जेवढी आहे तिच्या तिप्पट तरी, खालून निघू दे, बशीत साठू देऊ नका. दोन दिवसांनी परत. शेवाळातून मातीत उतरलेलं मीठ असंच निघतं, दुसरा उपाय नाही. करपलेली पानं हिरवी होणार नाहीत, नव्या फुटीकडे लक्ष ठेवा. काढलेलं शेवाळ टाकू नका, तीन-चार पाण्यांनी खळखळून धुवा आणि वाळक्या पाल्यात मिसळून कंपोस्टला लावा, छान खत होईल.

धागाकर्ती
दादा, खूप खूप आभार. त्याच दिवशी संध्याकाळी पाणी सोडलं, पहिल्यांदा खालून चहासारखं तांबडं निघालं, तिसऱ्या वेळेला स्वच्छ. मोगरा छाटताना हात थरथरत होता खरं सांगते, सासूबाईंना विचारूनच कात्री लावली, त्या म्हणाल्या छाट, मी पण छाटायचे.

आज मृग निघाला म्हणून अपडेट देते. एका गुलाबाला तांबूस कोंब आलेत, दुसरा गेला. कढीपत्ता सावरतोय. आणि मोगऱ्याच्या एका कुंडीत नव्या फुटीच्या टोकाला तीन कळ्या आहेत, हिरव्या, तांदळाएवढ्या. मोबाइलवर फोटो काढून खाली नेऊन दाखवला तर त्यांनी चष्मा लावून दोनदा बघितला.

एक विचारायचं राहिलं, आता पाऊस लागला की पेंडीचं पाणी चालू ठेवू का, का कुंडीत बुरशी होईल?